‘पूर्ण भूल नको, कमरेतच द्या’: वजन जास्त असताना दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ म्हणून रुग्णाला तपासायला गेले की नातेवाइकांची एक विनंती हमखास येते. “डॉक्टर, बाबांना पूर्ण भूल देऊ नका हो. वजन फार आहे त्यांचं. कमरेत इंजेक्शन देऊन होत असेल तर तेवढंच बघा.” ही विनंती काळजीपोटी आलेली असते, म्हणून ती मी कधी उडवून लावत नाही. तिच्यामागचा हिशोब साधा असतो: अर्धं शरीर बधिर केलं, तर धोकाही अर्धा. उघड्या छेदाच्या काही ऑपरेशनांत हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात, आणि त्यातही लठ्ठ माणसाच्या बाबतीत, तो बहुधा उलटा पडतो.

समजा, रुग्ण 54 वर्षांचे आहेत. उंची 168 सेंटिमीटर, वजन 108 किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो, इथे तो 38. जगभर 30 च्या वर लठ्ठपणा धरतात. आपल्याकडे ती रेघ 25 वर ओढली आहे, कारण भारतीयांच्या शरीरात कमी वजनालाच पोटात आणि आतल्या अवयवांभोवती चरबी साठते आणि मधुमेह, रक्तदाब लवकर मागे लागतात. या गृहस्थांना दोन्ही जांघांत हर्निया आहे. रात्री इतकं घोरतात की बायको वेगळ्या खोलीत झोपते. ही घोरण्याची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

हर्निया म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत अंतर्गळ. पोटाच्या स्नायूंच्या भिंतीत एखादी जागा कमकुवत होते आणि तिथून पोटातलं आवरण, त्याच्या मागोमाग चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं. खोकलं की फुगवटा येतो, आडवं झालं की आत जातो. औषधाने किंवा पट्ट्याने हे भोक बुजत नाही. बेंबीचा हर्निया आणि जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून येणारा हर्निया, यांचं वजनाशी थेट नातं आहे, कारण पोटातला दाब सतत त्या जागेवर येत राहतो. जांघेच्या हर्नियाचं नातं इतकं सरळ नाही. पण चरबीच्या जाड थराखाली तो हाताला लागत नाही, म्हणून उशिरा कळतो आणि कधीकधी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करूनच सापडतो.

वजन जास्त असताना सर्जन दुर्बिणीचा आग्रह का धरतात? उघड्या ऑपरेशनात चरबीच्या जाड थरातून मोठा छेद घ्यावा लागतो. चरबीला रक्तपुरवठा कमी असतो. अशी जखम ओलसर राहते, त्यात पाणी किंवा पू होण्याची शक्यता वाढते, आणि खाली कमकुवत जागेला आधार म्हणून कृत्रिम जाळी बसवलेली असेल तर जंतू तिथवर पोचण्याची भीती असते. दुर्बिणीत अर्ध्या ते एक सेंटिमीटरची तीनेक छिद्रं पुरतात. जांघेच्या हर्नियात साधारण 15 बाय 10 सेंटिमीटरची जाळी स्नायूंच्या मागे, आतल्या बाजूने पसरतात. त्याच छिद्रांतून दोन्ही बाजूंचं काम होतं. आमच्या गृहस्थांसाठी हे सोयीचं आहे.

पोटात दुर्बीण घालणं आज नेहमीचं झालं आहे, पण भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं, ते 1990 साली. आज तालुक्याच्या गावीही ही सोय मिळते, ती त्यानंतरच्या काळात पसरली.

गॅस भरला की काय होतं

बंद पोटात जागा नसते. दिसायला आणि हत्यारं फिरवायला पोकळी हवी, म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. तो पेट घेत नाही, रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून तोच निवडला आहे. दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. जांघेच्या हर्नियात दोन पद्धती आहेत. एकीत गॅस थेट पोटाच्या पोकळीत भरतात. दुसरीत पोटाच्या आवरणाच्या बाहेर, स्नायू आणि आवरण यांच्यामध्येच जागा करतात, तिथे थोडा कमी दाबही चालतो.

आता हा गॅस काय काय करतो ते बघा. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा घुमट आहे. आपण श्वास घेतो तेव्हा तो खाली सरकतो. पोटात गॅस भरला की तो वर ढकलला जातो. जांघेचं ऑपरेशन करताना आतडी बाजूला सरकावीत म्हणून टेबल डोक्याकडून खाली झुकवतात, त्यामुळे पोटातलं सगळं वजन आणखी छातीकडे येतं. रक्तात मिसळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला फुफ्फुसांना नेहमीपेक्षा जास्त काम करावं लागतं. म्हणजे काम वाढलं आणि जागा कमी झाली.

सडपातळ माणूस हे निभावून नेतो. लठ्ठ माणसाची अडचण अशी की त्याच्या फुफ्फुसांना आधीच जागा कमी असते. श्वास सोडल्यावरही आपल्या फुफ्फुसांत बरीच हवा शिल्लक राहते. श्वास थांबला तर शरीर याच राखीव साठ्यातला ऑक्सिजन वापरतं. छातीवर आणि पोटावर चरबीचं ओझं असलं की आडवं झाल्यावर हा साठा आटतो, आणि मोठ्या शरीराची ऑक्सिजनची गरज मात्र जास्त असते. आकड्यांत सांगते. निरोगी सडपातळ माणसाला आधी पुरेसा ऑक्सिजन देऊन मग श्वास थांबवला, तर ऑक्सिजन धोक्याच्या पातळीला यायला साधारण 8 मिनिटं लागतात. अति लठ्ठ माणसात हीच वेळ 3 मिनिटांच्या आत येऊ शकते. लठ्ठ रुग्णाच्या भुलीतली आमची बहुतेक सगळी तयारी या कमी पडणाऱ्या मिनिटांसाठी असते.

मग कमरेतली भूल का पुरत नाही

कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाठीच्या द्रवात औषध सोडलं की पोट आणि पाय बधिर होतात, रुग्ण जागा राहतो, स्वतः श्वास घेतो. 1898 साली ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जनने ही पद्धत पहिल्यांदा वापरली. सव्वाशे वर्षांत ती चांगली तावूनसुलाखून निघाली आहे. जांघेत छेद घेऊन करायच्या हर्नियाला ती उत्तम चालते.

दुर्बिणीत मात्र पोट पूर्ण बधिर हवं असेल तर औषधाचा परिणाम स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत चढवावा लागतो. तिथवर चढला की बरगड्यांमधले श्वासाचे स्नायू ढिले पडतात आणि रक्तदाब घसरतो. इतकं करूनही एक नस उरते. श्वासपटलाची नस मानेतून येते, ती कमरेतल्या भुलीने बधिर होत नाही. गॅसने श्वासपटल ताणलं की रुग्णाला खांद्यात जबरदस्त कळ येते. पोट शांत आणि खांदा दुखतोय, हे रुग्णाला अजिबात उमगत नाही आणि तो घाबरतो. आता सगळं एकत्र डोळ्यासमोर आणा: 108 किलोचा माणूस, डोकं खाली, पोटात गॅस, श्वासाचे स्नायू अर्धवट ढिले, खांद्यात कळ, आणि श्वास मात्र त्याचा त्यानेच घ्यायचा आहे.

त्यातून ऑक्सिजन खाली गेला किंवा रुग्णाला सहन होईनासं झालं, तर मध्येच पूर्ण भूल द्यावी लागते. मला सगळ्यात जास्त भीती याच क्षणाची वाटते. शांतपणे, उशा लावून, डोकं वर ठेवून श्वासनलिकेत जी श्वासाची नळी घालायची, तीच आता हिरव्या चादरींखाली, घाईत, ऑक्सिजनचा साठा आधीच संपलेला असताना घालावी लागते. सुरुवातीपासून दिलेली पूर्ण भूल ही या अडचणीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. कारण त्यात श्वासाचा ताबा आमच्याकडे असतो. किती हवा, किती दाबाने, मिनिटाला किती वेळा, हे आम्ही क्षणाक्षणाला बदलू शकतो. स्नायू पूर्ण सैल असल्याने सर्जनला कमी दाबात जास्त जागा मिळते.

कमरेतल्या भुलीखाली दुर्बिणीचं हर्नियाचं ऑपरेशन अजिबात होत नाही, असं मी म्हणत नाही. आवरणाच्या बाहेरून करायच्या पद्धतीत, निवडक रुग्णांत, कमी दाबावर अनुभवी हातांनी ते केलं जातं. फुफ्फुसांचा मोठा आजार असलेल्या सडपातळ रुग्णात मीही त्याचा विचार करेन. आपल्या 38 बीएमआयच्या, घोरणाऱ्या गृहस्थांत नाही करणार.

लठ्ठ पाठीत सुई घालणंही सोपं नसतं. मणक्यांच्या खुणा चरबीखाली हरवतात, नेहमीची 9 सेंटिमीटरची सुई कधीकधी पोचत नाही, बसवून, सोनोग्राफीच्या मदतीने जागा शोधावी लागते. पोटातल्या दाबामुळे पाठीच्या द्रवाला जागा कमी उरते, म्हणून तेवढंच औषध अपेक्षेपेक्षा वर चढू शकतं. उतारवयातल्या पुरुषांत कमरेतल्या भुलीनंतर लघवी अडकण्याचा त्रासही जास्त होतो. जन्मभर कंबर धरते ही भीती मात्र सोडून द्या, तिला आधार नाही.

फुफ्फुसं किंवा हृदय खरोखर नाजूक असेल आणि हर्निया लहान असेल, तर दुर्बीणच बाजूला ठेवून छोटा छेद घेणं हा तिसरा मार्ग असतो. अशा वेळी कमरेतली भूल किंवा फक्त त्या जागेपुरतं बधिर करणारं इंजेक्शन वापरता येतं. म्हणजे भूल आधी ठरवायची आणि ऑपरेशन तिच्या मागे ओढायचं, असं होत नाही. दोन्ही एकत्र ठरतात. सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकमेकांशी बोलले आहेत ना, एवढं जरूर विचारा.

आम्हाला काय सांगायचं

ऑपरेशनआधीचा फिटनेस म्हणजे ईसीजी आणि छातीचा फोटो, असा समज आहे. लठ्ठ रुग्णात माझं जास्त लक्ष गळ्याकडे, तोंडाकडे आणि झोपेकडे असतं.

घोरण्याबद्दल आठ प्रश्नांची एक सोपी चाचणी जगभर वापरतात. मोठ्याने घोरता का? दिवसा पेंग येते का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? बीएमआय 35 च्या वर आहे का? वय 50 च्या वर? मान जाड, म्हणजे साधारण 40 सेंटिमीटरहून जास्त घेराची? पुरुष आहात का? पाच किंवा जास्त ‘हो’ आले तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असण्याची शक्यता मोठी. आपल्या गृहस्थांचे वय, वजन, लिंग आणि घोरणं मिळून चार ‘हो’ घरबसल्याच झाले. हे प्रश्न रुग्णाला एकट्याला विचारून उपयोग नसतो. शेजारी झोपणाऱ्या माणसाला खरं माहीत असतं, म्हणून तपासणीला बायकोने, मुलाने सोबत यावं. सीपॅप यंत्र, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, वापरत असाल तर ते दवाखान्यात घेऊन या.

आपल्याकडची दुसरी मोठी अडचण म्हणजे गुटखा, मावा, खर्रा. वर्षानुवर्षं खाल्ल्याने गालाची आतली बाजू कडक होते आणि तोंड उघडेनासं होतं. तुमची तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे आम्ही बघतो. जाड मान आणि बंद तोंड एकत्र आलं तर श्वासनलिकेत नळी घालणं अवघड असतं. आधी कळलं तर लवचीक दुर्बिणीने, रुग्ण जागा असताना, घसा बधिर करून ती सुरक्षितपणे घालता येते. लाजून लपवू नका. तपासणीत ते दिसतंच, पण आधी कळलं तर हवं ते सामान हाताशी ठेवता येतं.

वजन कमी करण्याची आठवड्याची इंजेक्शनं हा नवा विषय आहे. सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपात आधीपासून होतं, 2025 पासून टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड या दोन्हींची इंजेक्शनं भारतात वजनासाठी मिळू लागली. ही औषधं जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात. तुम्ही नियमाप्रमाणे उपाशी असलात तरी पोटात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भुलीत ते वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. इंजेक्शन कधी घेतलं, डोस नुकताच वाढवला का, मळमळ होते का, हे सांगा. काहींना आधीचा डोस चुकवायला सांगतात, काहींना आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ देतात, गरज पडल्यास सोनोग्राफीने जठर तपासतात. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी असेल तर ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. दोन्ही बाबतींत स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, विचारून करा. उपवासाचा नेहमीचा नियम घन अन्नासाठी किमान 6 तास आणि स्वच्छ पाण्यासाठी 2 तास असा आहे. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, असं कोरडं राहण्याची बहुतेकांना गरज नसते.

टेबलावर

रुग्णाला सपाट झोपवून सुरुवात करत नाही. पाठीखाली, खांद्यांखाली चादरींचा उतार रचतो, कानाची पाळ आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका रेषेत येईपर्यंत. डोकं वर असलं की पोट खाली ओघळतं, फुफ्फुसं मोकळी होतात. मग मास्क घट्ट धरून तीन ते पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन. ही मिनिटं रुग्णांना फार लांब वाटतात, मास्क नकोसा होतो. तेव्हा खोल श्वास घेत राहा. पुढचा राखीव साठा तुम्ही त्या वेळी स्वतः भरत असता.

भुलीची औषधं 108 किलोच्या हिशोबाने देत नाहीत. चरबीत रक्त कमी फिरतं, त्यामुळे झोपेचं औषध चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर मोजतात, स्नायू सैल करणारी काही औषधं उंचीप्रमाणे असायला हव्या त्या वजनावर, तर एखादं पूर्ण वजनावर. व्हिडिओ कॅमेरा असलेल्या लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घशात बघायच्या साधनाने, नळी घालणं आता खूप सोपं झालं आहे. गॅस भरल्यावर फुफ्फुसं वर सरकतात आणि घातलेली नळी कधी एकाच फुफ्फुसात शिरते, म्हणून टेबल झुकवल्यावर आम्ही पुन्हा छाती ऐकतो.

उठवताना घाई नको असते. स्नायूंची ताकद पूर्ण परत आली आहे हे यंत्राने तपासून, रुग्ण सांगितलेलं ऐकतोय हे बघून, अर्धवट बसवूनच नळी काढतो. वेदनेसाठी मॉर्फिनच्या जातीची औषधं शक्य तितकी कमी, कारण त्यांनी घोरणाऱ्या माणसाचा श्वास आणखी मंदावतो. त्याऐवजी पॅरासिटामॉल, छिद्रांच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन, पोटाच्या स्नायूंच्या थरात सोनोग्राफीने बघून दिलेला नसांचा ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन. पायातल्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून घट्ट मोजे, गरजेप्रमाणे हेपारिनच्या जातीचं इंजेक्शन, आणि त्याच संध्याकाळी उठून चालणं.

थांबावं का

दुखत नसलेला, सहज आत जाणारा जांघेचा हर्निया असलेल्या पुरुषांना थांबायला मुभा आहे. अमेरिकेत 720 पुरुषांवर केलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थांबलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी वेदना वाढल्या म्हणून. हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनहूनही कमी होतं. स्त्रियांच्या जांघेतल्या हर्नियाला हा निष्कर्ष लावू नका, तो अडकण्याची शक्यता जास्त असते.

बेंबीच्या आणि व्रणाच्या हर्नियात तर थांबून वजन उतरवणं हाच उपचाराचा भाग आहे. जास्त वजनात टाके आणि जाळीवर ताण येतो आणि हर्निया परत येतो. बेंबीच्या हर्नियाच्या युरोप-अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत, घाई नसेल तर बीएमआय 35 च्या खाली आणावा आणि सिगारेट चार ते सहा आठवडे आधी सोडावी, असा सल्ला आहे. “आधी वजन कमी करा” असं सर्जन म्हणाले की अनेकांना तो अपमान वाटतो, किंवा टाळाटाळ वाटते. डॉक्टरांनीही ते वाक्य फेकून देऊ नये. सोबत आहारतज्ज्ञ, औषधं, आणि फारच जास्त वजन असेल तर आधी वजन कमी करण्याचं ऑपरेशन, असा रस्ता दाखवायला हवा.

फुगवटा आत जाईना, कडक आणि दुखरा झाला, लाल पडला, उलट्या सुरू झाल्या, गॅस सरेना, तर मात्र वजनाचा, रिपोर्टचा विचार न करता थेट दवाखाना गाठा.

घरी गेल्यावर

एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो उरलेल्या गॅसमुळे. त्वचेखाली दाबलं की कुरकुर लागते, तीही विरते. जांघेत पुन्हा गाठ आल्यासारखी वाटली तर बहुधा हर्नियाच्या रिकाम्या जागेत साठलेलं पाणी असतं. ते काही आठवड्यांत जिरतं, सुईने काढायचा आग्रह धरू नका, सर्जनला दाखवा. पहिले काही दिवस पाठीमागे दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसतं झोपा. सीपॅप असेल तर दुपारच्या डुलकीलाही लावा. आणि शेजारच्यांनी दिलेली झोपेची गोळी घेऊ नका, दारू तर नाहीच. दुखणं सहन होत नसेल तर रात्री कितीही वाजले असले तरी दवाखान्यात फोन करा.